आठवणींच्या पुस्तकातील खरी माणसे आणि अब्रुनुकसानीचा कायदा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

खान्देशातील ज्येष्ठांनी आपापल्या आठवणी लिहून काढाव्यात, असे आवाहन करणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. आवाहनाशी मी सहमत आहे. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतले जगणे, कापसाच्या हंगामातली जिनिंग-प्रेसिंगची धावपळ, विकास सोसायट्यांचे राजकारण, सातपुड्यातल्या आश्रमशाळा यांविषयी ज्यांनी ते दिवस काढले त्यांनीच लिहिले नाही, तर दुसरे कोणी लिहिण्याची शक्यता कमी आहे. मात्र त्या लेखात एका बाजूचा उल्लेखही नव्हता आणि धुळ्याच्या न्यायालयात अनेक वर्षे वकिली केलेला माणूस म्हणून ती बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. आठवणींतली माणसे खरी असतात, त्यांतली बरीच हयात असतात आणि जी हयात नसतात त्यांची मुले-नातवंडे बहुधा त्याच तालुक्यात राहतात.

अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून हस्तलिखित दाखवायला येणारी मंडळी वाढली आहेत, असे मला जाणवते. त्यांत निवृत्त शिक्षक सर्वांत जास्त, त्याखालोखाल सहकारी बँकेतले आणि एस. टी. महामंडळातले. पंचाहत्तरीनिमित्त मुले खर्च उचलतात, तालुक्याच्या छापखान्यात दोनशे-तीनशे प्रती निघतात आणि समारंभात त्या आहेराऐवजी वाटल्या जातात. ‘हे काही विकायला काढलेले पुस्तक नाही, घरच्यांसाठी आहे,’ असे सांगून कायद्याचा विषय बाजूला सारला जातो. परंतु अब्रुनुकसानीच्या कायद्याला पुस्तकाच्या विक्रीशी काही कर्तव्य नाही. बदनामीकारक मजकूर, तो ज्याच्याविषयी आहे त्याला वगळून, तिसऱ्या एका माणसाने वाचला की कायद्याच्या दृष्टीने तो प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर ‘खासगी वितरणासाठी’ असे छापल्याने यात फरक पडत नाही आणि भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेल्या पीडीएफलाही हेच लागू होते.

हस्तलिखित वाचून मी एखाद्या परिच्छेदावर बोट ठेवले की समोरून ठरलेला प्रश्न येतो, तोही बहुधा अहिराणीत: “मी खोटं लिखेल शे का?” जे घडले ते लिहिले, मग भीती कसली, ही भावना मला समजते, नैतिकदृष्ट्या तीत गैर काहीच नाही. कायदा मात्र तेवढ्यावर थांबत नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ व ५०० मध्ये असलेला बदनामीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आला आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही, किंवा नव्याने आलेली सामुदायिक सेवा, अशी शिक्षा आहे. या कलमाला दहा अपवाद आहेत आणि त्यांतला पहिलाच सत्याविषयी आहे. परंतु त्या अपवादाचा लाभ मिळण्यासाठी विधान सत्य असणे आणि ते प्रसिद्ध होणे लोकहिताचे असणे, या दोन्ही गोष्टी लागतात. शेजाऱ्याने तरुणपणी केलेली लबाडी शंभर टक्के खरी असेल. ती पन्नास वर्षांनी छापून गावाचे कोणते हित झाले, हे मात्र लिहिणाऱ्याला सांगता आले पाहिजे. दिवाणी दाव्यात परिस्थिती थोडी सैल आहे. तेथे सत्य सिद्ध झाले की नुकसानभरपाईचा दावा टिकत नाही, लोकहित वेगळे दाखवावे लागत नाही. पण ‘सिद्ध झाले की’ या शब्दांतच सगळी अडचण आहे, कारण सिद्ध करण्याचा भार लिहिणाऱ्यावर असतो.

शिक्षकांच्या आठवणींत हमखास आढळणारे एक वाक्य उदाहरणादाखल घेतो: ‘माझ्या नेमणुकीसाठी संस्थेच्या अध्यक्षांनी माझ्या वडिलांकडून चाळीस हजार रुपये घेतले आणि त्यापायी आमचे दोन बिघे शेत गेले.’ वाक्य प्रामाणिक आहे आणि खान्देशातल्या कित्येक घरांची ती कहाणी आहे. शिक्षणसंस्थांमधील नेमणुका हा सार्वजनिक महत्त्वाचा विषय असल्याने लोकहिताचा मुद्दाही मांडता येईल. आता पुरावा पाहू. असे पैसे कोणी पावती देऊन घेत नाही. वडील वारले, ज्याच्यामार्फत पैसे पोहोचले तो मध्यस्थ वारला, शेताचे खरेदीखत सापडेल. पण त्यातून शेत विकले एवढेच दिसेल, पैसे कोठे गेले ते दिसणार नाही. अध्यक्षांचे चिरंजीव आता संस्थेचे सचिव आहेत आणि त्यांना पुढची निवडणूक लढवायची आहे. फिर्याद कोणत्या दिशेने येईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शिवाय अध्यक्षांबरोबरच संस्थाही स्वतंत्रपणे तक्रार करू शकते, कारण कंपनी, संस्था किंवा व्यक्तींचा निश्चित समूह यांचीही बदनामी होऊ शकते, असे कायदा स्पष्टपणे सांगतो.

याच वाक्याची दुसरी बाजू लेखकांच्या सहसा लक्षात येत नाही. पैसे देऊन नोकरी मिळवली, असे लिहिणारा स्वतःच्याही एका कृत्याची लेखी कबुली देत असतो आणि अशी कबुली पुढे त्याच्याविरुद्ध पुराव्यात वाचली जाऊ शकते. लग्नप्रकरणांतही तेच. ‘मोठ्या मुलीच्या लग्नात जावयाला इतके तोळे आणि मोटरसायकल दिली,’ हे अभिमानाने लिहिणाऱ्यांना हुंडा प्रतिबंधक अधिनियम १९६१ खाली हुंडा घेण्याप्रमाणे देणेही गुन्हा आहे, याचा विसर पडलेला असतो.

उलट, त्याच शिक्षकाला संस्थेने नोकरीवरून काढले असेल, त्याने महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांविषयीच्या १९७७ च्या अधिनियमाखाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील केले असेल आणि निकाल त्याच्या बाजूने लागला असेल, तर तो सारा लढा नावानिशी लिहायला त्याने कचरू नये. न्यायाधिकरणाचा आदेश ही सार्वजनिक नोंद आहे. तिच्यातील निष्कर्ष जसेच्या तसे उद्धृत करावेत, वरच्या न्यायालयात काही बदल झाला असल्यास तोही सांगावा आणि आपला संताप त्या नोंदीच्या आधाराने व्यक्त करावा. विचित्र गोष्ट अशी की हस्तलिखितांत नेमका हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो आणि ज्याला कसलाही आधार नाही, त्या चहाच्या टपरीवरच्या ऐकीव गोष्टींना चार-चार पाने दिलेली असतात. ‘असे गावात बोलले जात होते’ ही शब्दरचनाही वाचवत नाही. दुसऱ्याने केलेली बदनामी पुन्हा छापणारा तिचा नव्याने जबाबदार होतो.

नावे बदलण्याविषयी लिहायचे तर आमच्या भागाचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. न्यायालय पाहते ते एवढेच, की त्या माणसाला ओळखणारे लोक मजकूर वाचून त्याला ओळखतील का. मुंबई-पुण्याच्या गर्दीत नाव बदलून कदाचित काही साधत असेल. दीड-दोन हजार वस्तीच्या गावात ‘जिभाऊ’ म्हटले, त्यांना जिनिंगचा मालक केले, त्यांचा एक पाय अधू असल्याचे सांगितले आणि गाव तापीकाठचे ठेवले, तर नाव न लिहूनही सर्व लिहिले गेले. आडनाव बदलून भाऊबंदकी, पद, काळ आणि व्यवसाय तसेच ठेवण्याची पद्धत मी वारंवार पाहतो. तिने कायद्याचे संरक्षण मिळत नाही आणि पुस्तकाचा दस्तऐवज म्हणून असलेला उपयोग मात्र कमी होतो. ‘यातील पात्रे काल्पनिक आहेत’ ही ओळ तर आत्मकथनात निरर्थकच आहे, कारण पुस्तकाचा दावाच मुळी सर्व खरे असल्याचा असतो. आत्मकथन सोडून त्याच मजकुराला कादंबरी म्हटल्यानेही ओळख पटणे थांबत नाही. ओळख लपवायचीच असेल, तर गाव, व्यवसाय, नाते आणि काळ यांपैकी निदान दोन-तीन गोष्टी मुळापासून बदलाव्या लागतात; आणि तसे करायचे नसेल, तर खरे नाव घालून पुराव्यानिशी लिहिणे अधिक सरळ.

मृतांविषयी एक मोठा गैरसमज आहे. माणूस गेला की त्याच्याविषयी काहीही लिहिता येते, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. दिवाणी बाजूने ती बऱ्याच अंशी बरोबर आहे: बदनामीबद्दल नुकसानभरपाई मागण्याचा हक्क वैयक्तिक असतो आणि भारतीय वारसा अधिनियमाच्या कलम ३०६ मधील अपवादामुळे तो माणसाबरोबरच संपतो, वारसांना तो मिळत नाही. फौजदारी कायदा मात्र वेगळे सांगतो. कलम ३५६ च्या पहिल्याच स्पष्टीकरणानुसार, ती व्यक्ती जिवंत असती तर जिच्या लौकिकाला बाधा आली असती अशी गोष्ट लिहिली आणि ती कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिली, तर तो गुन्हा ठरतो. येथे हेतू महत्त्वाचा आहे आणि हेतू ठरवताना न्यायालय आजूबाजूची परिस्थिती पाहते. चुलत्याने वाटणीत विहिरीजवळचा तुकडा लाटला, असे मयत चुलत्याविषयी लिहिले, आणि त्याच विहिरीवरून चुलतभावाशी आजही दावा चालू आहे, तर ‘मी केवळ कौटुंबिक इतिहास लिहिला’ हा बचाव कोण मानेल? भाऊबंदकीचे दावे पाहत माझी हयात गेली. आठवणींच्या पुस्तकातील वाटणीचे प्रकरण हे पुष्कळदा कैफियतीचा पुढचा भाग असते, हे मी अनुभवाने सांगतो. दिवाणी दावा चालू असेल तर तो परिच्छेद निकालापर्यंत थांबवावा, हा माझा सल्ला कोणालाच आवडत नाही.

अब्रूबरोबरच खासगीपणाचाही विचार करावा लागतो आणि या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा मूळ निर्णय एका आत्मचरित्राच्याच निमित्ताने झालेला आहे. तमिळनाडूत फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकर नावाच्या कैद्याने तुरुंगात आत्मचरित्र लिहिले होते आणि त्यात काही अधिकाऱ्यांशी असलेल्या संबंधांचा उल्लेख होता. ते छापू पाहणाऱ्या तमिळ साप्ताहिकाला तुरुंग प्रशासनाने कारवाईचा इशारा दिला, तेव्हा संपादक सर्वोच्च न्यायालयात गेले. आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९९४ च्या त्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. बदनामी होईल या भीतीने सरकारला किंवा अधिकाऱ्यांना प्रकाशन आधीच अडवता येणार नाही. त्यांना जो काही उपाय करायचा तो प्रकाशनानंतर. आणि दुसरी गोष्ट अशी, की प्रत्येक नागरिकाला आपले स्वतःचे, कुटुंबाचे, लग्नाचे, अपत्यांचे, शिक्षणाचे खासगीपण जपण्याचा हक्क आहे आणि त्यांविषयी संमतीशिवाय, खरे असो वा खोटे, कोणी प्रसिद्ध केल्यास तो नुकसानभरपाईस जबाबदार होऊ शकतो. मात्र न्यायालयीन व इतर सार्वजनिक नोंदींत जे आलेले आहे त्यावर लिहिता येते आणि सार्वजनिक पदावरील व्यक्तीच्या कर्तव्याशी संबंधित वर्तनाला हे संरक्षण तसे मिळत नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले.

‘खरे असो वा खोटे’ हे शब्द आपल्या लेखक-मंडळींनी दोनदा वाचावेत. बहिणीचे मोडलेले लग्न, भावजयीचा मानसिक आजार, मुलाचे व्यसन, सुनेच्या माहेरची परिस्थिती: या गोष्टी सांगताना लेखकाला वाटते की हे आपलेच आयुष्य आहे. त्यात दुसऱ्याचेही आयुष्य असते. विशेषतः घरातल्या बायकांना विचारावे, असे पुरुष लेखकांच्या मनात क्वचितच येते. हस्तलिखित छापखान्यात गेल्यावर पत्नीला कळते की तिच्या बाळंतपणाचा तपशील त्यात आला आहे. अशा प्रत्येक मजकुराचे पान संबंधित व्यक्तीला वाचायला देऊन खाली तारखेसह सही घेणे, याहून स्वस्त विमा मला माहीत नाही.

काही ठिकाणी तर सत्य, लोकहित, सद्भाव यांपैकी कशाचाच उपयोग नाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीचे नाव किंवा तिची ओळख पटेल असा कोणताही तपशील छापणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पीडित प्रौढ व्यक्तीने स्वतः लेखी संमती दिली, तरच अपवाद होतो. १९९४ मध्ये जळगावात उघडकीस आलेले लैंगिक शोषणाचे प्रकरण आमच्या पिढीच्या स्मरणातून गेलेले नाही. त्या काळात शहरात डॉक्टर, शिक्षक, पत्रकार किंवा पोलीस म्हणून काम केलेल्या कोणी त्याविषयी लिहायचे ठरवले, तर समाज कसा वागला, यंत्रणा कशी हलली, दबाव कसा होता, हे जरूर लिहावे. परंतु त्या मुलींपैकी कोणाचे गाव, महाविद्यालय, वडिलांचा व्यवसाय असे सुगावेसुद्धा देऊ नयेत. एवढी वर्षे उलटली म्हणून हे बंधन सैल होत नाही आणि निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दूरान्वयानेही ओळख उघड करण्यास मनाई केली आहे.

शिक्षकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: गुन्ह्यात सापडलेल्या, पीडित किंवा साक्षीदार असलेल्या बालकाची ओळख बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ ने संरक्षित आहे. डॉक्टरांसाठी २०१७ चा एचआयव्ही व एड्सविषयक अधिनियम आहे. आयुधनिर्माणीतून निवृत्त झालेल्यांसाठी १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आहे. माझ्या व्यवसायातील मंडळींची अडचण तर सर्वांहून मोठी, कारण अशिलाने विश्वासाने सांगितलेले त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही; वकिलांच्या आठवणी न्यायाधीशांच्या विनोदांनी का भरलेल्या असतात, याचा उलगडा वाचकांना यावरून व्हावा.

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुवा भागात नोकरी केलेल्यांनी डाकीण ठरवल्या गेलेल्या स्त्रियांविषयी सहानुभूतीने लिहिलेले मी वाचले आहे. हेतू उत्तम असतो. पण त्या स्त्रीचे आणि पाड्याचे खरे नाव देऊन तो आरोप पुन्हा छापणे म्हणजे तिच्यावर तो दुसऱ्यांदा करण्यासारखेच होऊ शकते. त्याचप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तीचा जातीवरून अपमान करणारा मजकूर, ‘त्या काळी असेच बोलत’ या सबबीखाली लेखकाने स्वतःच्या तोंडी घातल्यास, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाचा प्रश्न उभा राहू शकतो.

जुनी पत्रे आणि छायाचित्रे यांविषयी थोडक्यात. आपल्याला आलेल्या पत्राचा कागद आपला असतो. त्यातील मजकुराचा स्वामित्वहक्क कॉपीराइट अधिनियम १९५७ नुसार पत्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा असतो. एखाद्या थोर माणसाचे पत्र संपूर्ण छापायचे असेल, तर त्यांच्या वारसांची परवानगी घ्यावी. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याचा. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने काढलेला मात्र तसा नसतो.

जबाबदारी लेखकावरच थांबत नाही. कलम ३५६ मध्येच बदनामीकारक असल्याचे माहीत असूनही मजकूर छापणाऱ्याला आणि तसा मजकूर माहीत असूनही विकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे. म्हणून बरे प्रकाशक करारात लेखकाकडून अशी हमी लिहून घेतात की मजकुरामुळे काही दावा झाल्यास खर्च व भरपाई लेखक सोसेल. लेखक ते कलम न वाचताच सही करतात. तालुक्याच्या छापखान्यात करारच नसतो. तेथे पुस्तक आणि लग्नपत्रिका एकाच वहीत नोंदवल्या जातात.

प्रत्यक्ष प्रकरण कसे चालते, हेही सांगतो, कारण भीती बरीचशी चुकीच्या जागी असते. बदनामीचा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. ‘पोलिसांत देतो’ या धमकीला फारसा अर्थ नाही. व्यथित व्यक्तीला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे स्वतः फिर्याद करावी लागते आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नुसार आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय दंडाधिकाऱ्यांनी अशा फिर्यादीची दखल घ्यायची नाही. फिर्यादीची मुदत तीन वर्षांची, दिवाणी दाव्याची केवळ एक वर्षाची. मात्र दुसरी आवृत्ती काढली, तर प्रसिद्धी नव्याने झाली, असे धरले जाऊ शकते. गुन्हा आपसात मिटवता येतो आणि माझ्या पाहण्यातील बहुतेक प्रकरणे दिलगिरीचे पत्र व उरलेल्या प्रतींतून पाने काढून टाकणे, यावरच मिटली. शिक्षा क्वचित होते. तरीही सत्तरी उलटलेल्या माणसाने तारखांना हजर राहणे आणि त्यापायी घरात बोलणी खाणे, हीच खरी शिक्षा असते. त्याच्या तुलनेत दंडाची रक्कम किरकोळ वाटते.

प्रकाशनाला मनाई मिळाली तर काळ किती जातो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. खुशवंतसिंग यांच्या आत्मचरित्रातील आपल्याविषयीच्या मजकुराला मेनका गांधी यांनी दिल्ली उच्च न्यायालयात हरकत घेतली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात प्रकाशनाला अंतरिम मनाई झाली. खंडपीठाने ती २००१ मध्ये उठवली. लेखक बचावासाठी ठाम असेल आणि मजकुराचे समर्थन करायला तयार असेल, तर प्रकाशन आधीच रोखू नये, उपाय नुकसानभरपाईचा आहे, ही भूमिका त्या निकालात घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०२४ मध्ये एका वृत्तसंस्थेच्या प्रकरणात अशी अंतरिम मनाई अपवादानेच द्यावी, असे बजावले. तत्त्व लेखकाच्या बाजूचे ठरले खरे, पण खुशवंतसिंग यांचे पुस्तक तोवर अनेक वर्षे अडकून पडले.

एवढे वाचून कोणी लेखणी खाली ठेवू नये. मराठीत दलित, भटक्या-विमुक्त आणि स्त्री लेखकांनी आत्मकथनांतून जे सांगितले, ते गावातल्या प्रतिष्ठितांना रुचेल, अशी अट घातली असती, तर त्यातले एक पानही छापले गेले नसते. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बदनामी हा फौजदारी गुन्हा ठेवणे घटनेला धरून असल्याचा निर्णय दिला. मला व्यक्तिशः तो पटलेला नाही, कारण ज्याच्याकडे वकिलाला देण्यासाठी पैसे आहेत, त्याच्या हातात तो दुबळ्याला गप्प करण्याचे साधन देतो. पण कायदा आहे तो असा आहे आणि त्याच्या अपवादांत पुरेशी जागाही आहे. सार्वजनिक प्रश्नातील वर्तनावर सद्भावनेने व्यक्त केलेले मत, सार्वजनिकरीत्या सादर केलेल्या कृतीचे मूल्यमापन, न्यायालयीन कामकाजाचा खरा वृत्तांत, स्वतःच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेले आरोप, हे सारे अपवादांत बसते. आपल्यावर झालेला अन्याय लिहिताना आपण काय पाहिले, काय ऐकले आणि त्यावरून आपल्याला काय वाटले, या तीन गोष्टी वाक्यावाक्यात वेगळ्या ठेवल्या, तर निम्मे धोके तेथेच टळतात. ‘अध्यक्ष भ्रष्ट होते’ या निवाड्यापेक्षा ‘माझी वेतनवाढ अडली, मी या तारखेला अर्ज केला, उत्तर आले नाही, शेवटी शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार केली आणि तिची पोच माझ्याकडे आहे,’ हे वर्णन वाचकाला जास्त सांगते आणि उलटतपासणीतही टिकते.

आपल्या वृत्तपत्राकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. पुरवणीत वाचकांच्या आठवणींचे उतारे छापण्याचा आपला मानस असल्याचे त्या लेखावरून दिसते. तेव्हा संपादक व प्रकाशक या नात्याने आपलीही जबाबदारी येते, हे लक्षात घेऊन नावानिशी आरोप असलेल्या उताऱ्यांबाबत लेखकाकडून कागदपत्रे मागावीत आणि ज्याच्याविषयी मजकूर आहे त्याचे म्हणणेही विचारावे. दुसरे असे, की कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा मराठी विभाग, तालुक्यांची सार्वजनिक वाचनालये आणि जळगाव, धुळे व नंदुरबारची जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे यांना एकत्र आणून आत्मकथन लिहिणाऱ्यांसाठी एखादी कार्यशाळा घ्यावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे, ही गोष्ट लिहू इच्छिणाऱ्या किती जणींना ठाऊक आहे, याबद्दल मला शंका वाटते. अशी कार्यशाळा ठरल्यास हस्तलिखिते वाचून देण्याचे काम मी विनामूल्य करीन. येणाऱ्यांनी हस्तलिखिताबरोबर आपल्याजवळचे आदेश, अर्जांच्या पोचा, खरेदीखते आणि पत्रेही घेऊन यावीत, म्हणजे कोणते वाक्य कोणत्या कागदावर उभे आहे, ते समोरासमोर पाहता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वकील, धुळे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)